बाळंतिणीचे टाके कोण बघतं?

आठ दिवसांपूर्वी माझी धाकटी बहीण नागपुरात बाळंत झाली. टाके पडले. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय, धुरी द्यायची की नाही. आत्या म्हणते, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून शेक घेतल्याशिवाय जखम सुकत नाही. डॉक्टरांनी धुरीला सक्त मनाई केलीय. मी इकडे नेदरलँड्समधल्या युट्रेख्टमध्ये सगळं वाचते आणि राहवत नाही, कारण तिचे टाके कुणी बघितले का, हे एकानेही विचारलेलं नाही.

माझं बाळंतपण इथंच झालं. घरी आले त्याच दिवशी दारात क्रामझोर्खची बाई हजर. ही बाळंतिणीच्या घरी येणारी सेविका. आठ-दहा दिवस येते, बराचसा खर्च विम्यातून निघतो. रोज ताप बघायची, पोट चाचपायची, मग टाके. कोमट पाण्याची बाटली हातात देऊन म्हणाली, लघवी करतानाच वरून ओतत राहा, आग होणार नाही. खरंच झाली नाही. पाचव्या दिवशी एका बाजूला लाली दिसली, तर तिथूनच सुईणीला फोन.

म्हणून आपलं ते टाकाऊ, असं मी मुळीच म्हणणार नाही. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांचा धूप सांगितलाय, दिवसातून 2 वेळा, 10 दिवस. जवळच्या माणसांनी गप्पागोष्टींत त्याचं दुखणं विसरायला लावावं, असंही आहे. प्रत्यक्ष व्रणाला, म्हणजे जखमेला, धूप द्यायचा तो ठणकणाऱ्या, वाहणाऱ्या व्रणाला. म्हणजे आधी व्रण बघायलाच हवा! आम्ही मात्र न बघताच सिगडी पेटवतो, तीही नागपूरच्या मे महिन्यात, खिडक्या लावून. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, आणि शेजारी तान्हं बाळ असतं. वर बाळंतिणीला पाणी बेताचं द्यायचं. मग शौचाला कुंथावं लागतं आणि सगळा ताण टाक्यांवर. ही रीत मला अजिबात मान्य नाही.

आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या आहेत: 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी. आपला दीड महिन्याचा सूतिकाकाळही जवळपास तेवढाच. पण या भेटी मुख्यतः बाळासाठी. त्यात आईचे टाकेही दर वेळी बघितले जावेत, आणि रोज येणाऱ्या मालीशवालीलाही सूज, पू, दुर्गंधी, ताप यांची खूण शिकवावी, एवढंच मला हवंय. तिच्याइतकं बाळंतिणीचं अंग दुसरं कोण बघतं?

परवा आईला म्हटलं, तूच बघ. "मी कशी बघू माय, तिलेही लाज वाटते," आई म्हणाली. शेवटी मालीशवाल्या बाईंनाच विचारलं. त्यांनी बहिणीला कुशीवर वळवलं, मोबाईलचा टॉर्च धरला आणि म्हणाल्या, "डाव्या बाजूनं सूज हाय, आजच डॉक्टरले दाखवा."