दीडशे रुपयांत सात माणसं, आणि वाण्याची वही

गेल्या रविवारी आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. तुमच्याकडेही आला असेल. ‘1960 साली बाबांचा पगार दीडशे रुपये, खाणारी तोंडं सात. तरी कर्ज हा शब्द घरात माहीत नव्हता. खाणं शुद्ध, डॉक्टरची पायरी कधी चढली नाही, एकाच्या कमाईत घर सुखात. आजच्या पोरांना पन्नास हजार पुरत नाहीत, कारण मोबाईल आणि हॉटेलं.’ खाली माझ्या भाच्याचं नाव घालून मामांनी लिहिलं, ‘शिक काहीतरी.’ भाचा चाकणला कंत्राटावर आहे, हातात एकोणीस हजार पडतात. त्याने बिचाऱ्याने नमस्काराचे हात पाठवले. मला तेवढी सभ्यता जमणार नाही.

आधी हिशेब. केंद्राचा श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी महागाईचा निर्देशांक काढतो. त्याचं आधारवर्ष बदललं की जुन्या-नव्या आकड्यांची सांगड घालायला एक गुणक देतात. 1960 वरून 1982 वर येताना 4.93, तिथून 2001 वर 4.63, तिथून 2016 वर 2.88. गुणाकार केला की 65 पटीच्या वर जातो. 2016 ला 100 धरलेला हा निर्देशांक आता 140 च्या पुढे गेलाय. म्हणजे तेव्हाचे दीडशे आजचे साधारण चौदा हजार. मामा, सात माणसं आणि चौदा हजार! पन्नास हजारवाल्यांशी तुलना कशाला करता? चौदा हजारांत घर चालवणारा तुमच्या सोसायटीच्या गेटवर बसलाय, त्याला विचारा सुख कसं असतं ते.

आता ‘कर्ज माहीत नव्हतं’. हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण मामांना माहीत नसेल तर ते घरात लहान होते म्हणून. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत वाण्याच्या वह्या निघाल्या, लाल पुठ्ठ्याच्या, लांबट. प्रत्येक महिन्याचं पान सुरू होतं ‘मागील बाकी’ने. मग पावशेर गोडेतेल, चहाची पुडी, रॉकेल, परत पावशेर तेल. दहा तारखेला ‘जमा 40’, आणि अकरा तारखेपासून पुन्हा उधारी. दोन वर्षांच्या वह्या आहेत, एकही पान शून्यावर बंद झालेलं नाही. आजीच्या पाटल्या जूनमध्ये शाळेच्या खर्चाला पेढीवर गहाण जायच्या आणि बोनस झाला की सुटून यायच्या. एका वर्षी गेल्या त्या गेल्याच. गिरणीच्या फाटकावर पगाराच्या दिवशी व्याजाच्या वसुलीला पठाण सावकार उभा असायचा, हे लालबाग-परळच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

‘एकाच्या कमाईत’ हेही तसलंच. आजी त्या एका खोलीत आठ गाववाल्यांची खाणावळ चालवायची. पहाटे चारला शेगडी पेटायची. माझी आई सातवीतून शाळेबाहेर आली ती भाकऱ्या थापायला. (मामा मॅट्रिक झाले. हे मेसेजमध्ये नाही.) गिरणगावात अशा बायका घरोघर होत्या आणि बहुतेकींच्या डोक्यावर सावकार. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून तर 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कर्ज हा शब्दच नव्हता तर ते कशाला लागलं असतं?

शुद्ध खाण्याचं म्हणाल तर रेशनच्या रांगेत अमेरिकेचा गहू मिळायचा आणि 1965 मध्ये खुद्द पंतप्रधान शास्त्रीजींना सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा म्हणून देशाला सांगावं लागलं. डॉक्टरची पायरी चढली नाही, खरंय. 1971 च्या सरकारी नोंदणीत हजारातली 129 बाळं वर्षाच्या आत जात होती, 2020 मध्ये 28. आजीची मुलं सात होती, पाच उरली. म्हणून तोंडं सात भरतात, नाहीतर नऊ झाली असती.

मोबाईलबद्दल फार लिहीत नाही. भाच्याची हजेरी आणि कामाची पाळी मोबाईलवरच लागते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. राहणं स्वस्त होतं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर बांधून टाकली होती. आजोबांच्या खोलीचं भाडं साडेआठ रुपये होतं, शाळा म्युनिसिपालिटीची, आणि आजारपण आलंच तर केईएम. भाचा तिघांत एक खोली घेऊन राहतो. लाईटबिल धरून त्याच्या वाट्याला साडेचार हजार येतात, म्हणजे पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. तेवढाच हिस्सा आजोबांच्या दीडशेतून गेला असता तर साडेआठाऐवजी पस्तीस रुपये झाले असते. मग वाण्याकडे दहा तारखेला जमा झालेले ते चाळीस कुठून आले असते, ते मामांनी ग्रुपवरच सांगावं.