८० कॉलमांत पार्टिशन

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा संसार काळ्या पडद्यावर. माउस नाही, आयकॉन नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. तेवढ्यात भागलं असतं हो, पण एकीकडे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाची नोंद, धावता हवा, दुसरीकडे सेटिंगांची कॉन्फिग फाइल उघडी हवी आणि खाली कमांड द्यायला जागा हवी. खोली एकच, हौस थ्री बीएचकेची. मग चाळीत करतात तेच आम्ही करतो: मधे चादर टांगतो आणि म्हणतो, झालं पार्टिशन!

आमच्या चादरीचं नाव टीमक्स, एका पडद्याच्या अनेक खोल्या करणारा प्रोग्राम. कंट्रोल-बी दाबून टक्क्याची खूण दाबली की उभी भिंत, दुहेरी अवतरणचिन्ह दाबलं की आडवी. टक्क्याचा आणि उभ्या भिंतीचा संबंध काय, हे विचारायचं नाही. जुन्या सर्व्हरांवर टीमक्सऐवजी त्याच कामाचं ग्नू स्क्रीन असतं. १९८७ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या दोघांनी लिहिलेलं. त्याची किल्ली कंट्रोल-ए. आणि बॅशमध्ये, म्हणजे आमच्या कमांडी ऐकणाऱ्या प्रोग्राममध्ये, कंट्रोल-ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जा. त्यामुळे दिवसभर बोटं एका घरची आणि सर्व्हर दुसऱ्या घरचा.

खरी मेख पुढेच आहे. या भिंती टर्मिनलला, म्हणजे तो काळा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामला, ठाऊकच नसतात! १९७८ साली डेक कंपनीने व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्डचं यंत्र, काढलं आणि आजचे बहुतेक टर्मिनल प्रोग्राम त्याचीच नक्कल करत पोट भरतात. २४ ओळी, ८० कॉलम. हे ८० तर त्याहून जुनं, आयबीएमच्या १९२८ सालच्या पंच कार्डावरून वारशाने आलेलं. या व्हीटी-१०० ला कर्सर हलवता येतो, अक्षर उमटवता येतं आणि ‘या ओळीपासून त्या ओळीपर्यंतचाच भाग वर सरकव’ एवढं कळतं. डावी-उजवी हद्द सांगायची सोय त्यात नव्हती. म्हणून आडवी भिंत स्वस्तात पडते आणि उभी महागात. डाव्या खोलीतला लॉग एक ओळ सरकला, की बहुतेक वेळा टीमक्सला ती अख्खी खोली पुन्हा रंगवावी लागते. ऑफिसात हे कळत नाही. खंडाळ्याच्या घाटात, ट्रेनमध्ये, मोबाइलच्या उरल्यासुरल्या रेंजवर बसून बघा. बोगदा संपला की एकेक ओळ रंगाऱ्याच्या ब्रशसारखी वरून खाली येते. तोवर पुढचा बोगदा.

भिंत नाही याचा साक्षात्कार माउसने कॉपी करताना होतो. डाव्या खोलीतल्या चार ओळी ओढून घेतल्या आणि मेलमध्ये चिकटवल्या, तर प्रत्येक ओळीत मधे एक उभी रेघ आणि पुढे उजव्या खोलीतलं सगळं बोलणं. डिस्क ९१ टक्के भरली, रेघ, लॉगिन फसलं. बॅकअप पूर्ण, रेघ, कनेक्शन नाकारलं. साहेबांचा लगेच फोन.

“बॅकअप पूर्ण झाला म्हणता आणि लगेच कनेक्शन नाकारलं म्हणता?”

“ते शेजारचं आहे, सर.”

“शेजारच्या कंपनीचं आपल्याकडे कसं आलं?”

रेघांचीही एक वेगळीच कथा. व्हीटी-१०० मध्ये एक खूण पाठवली की इंग्रजीची लहान अक्षरं रेघा होतात. क्यू म्हणजे आडवी, एक्स म्हणजे उभी, आणि एल, के, एम, जे हे चार कोपरे. ती खूण वाटेत हरवली की सुबक चौकटीच्या जागी नुसतं क्यूक्यूक्यूक्यू. आणि उलटंही होतं. एखादी बायनरी, म्हणजे माणसाने वाचायची नसलेली, फाइल पडद्यावर ओतली, तिच्यात योगायोगाने ती खूण निघाली, की कमांडची वाट बघणारा तुमचा प्रॉम्प्टच रेघा आणि कोपरे होऊन बसतो. उपाय म्हणून ‘रीसेट’ टाइप करायचं. तेही रेघांतच उमटतं. देवाचं नाव घेऊन एंटर मारायचा.

त्यात आपली मराठी! एका गिऱ्हाइकाने ‘वर्गणी’ नावाचं फोल्डर पाठवलं. डोळ्याला अक्षरं तीन, संगणकाच्या लेखी सहा खुणा: व, र, हलन्त, ग, ण आणि वेलांटी. यांनी ओळीतली किती घरं, म्हणजे कॉलम, अडवायची, याचा टीमक्सचा हिशोब वेगळा आणि टर्मिनलचा वेगळा. परिणामी सगळ्या ओळींत सरळ उभी असलेली भिंत वर्गणीपाशी आली की एक घर आत सरकते. वर्गणी म्हटल्यावर अंग चोरायचं, हे तिला कोणी शिकवलं?

पण या सगळ्यावर कडी केली आमच्या टीममधल्या पोराने. एकाच सेशनमध्ये, म्हणजे त्याच थाटलेल्या खोल्यांत, दोघं आपापल्या पडद्यावरून जोडले गेले, तर आमच्या सर्व्हरवरचं जुनं टीमक्स सर्वांत छोट्या पडद्याचं माप धरतं. रात्री सर्व्हर अडकला. माझ्या भल्यामोठ्या मॉनिटरवर तीन खोल्या थाटलेल्या, आणि एकाएकी सगळं आकसून कोपऱ्यात गेलं. उरलेल्या पडद्यावर नुसती टिंबं. मी फोन लावला.

“अरे, कुठून जोडला गेलायस?”

“रिक्षात आहे, सर. मोबाइलवरून.”

“फोन आडवा धर!”

त्याने धरला. पडदा रुंद झाला, मला हायसं वाटलं. मग त्याने काहीतरी टाइप करायला घेतलं, त्याचा कीबोर्ड वर आला, आणि माझ्याकडे तीन खोल्यांत मिळून पाच ओळी उरल्या.