टेकू

मिस्त्रींनी तेव्हाच विचारलं होतं, "ताई, या फळीवर ठेवणार काय?" मी म्हटलं, "थोडी पुस्तकं." साडीच्या दुकानात 'नुसतं बघायला आलोय' म्हणतात, त्या जातीचं हे 'थोडी'. त्या भल्या माणसाने विश्वास ठेवला आणि चार फुटांची सलग फळी ठोकून दिली. मधे आधार नको, लुक जातो, हेही मीच सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी फळीने पोट सोडलं. इंजिनिअरिंगला असलेला भाचा आला होता. मान तिरकी करून तो म्हणाला, "मावशी, फुटामागे वजन तेवढंच ठेवून फळी दुप्पट लांब केली, तर वाक सोळापट येतो." मग त्याने पिशव्या भरभरून सगळी पुस्तकं वजनकाट्यावर घातली. 54 किलो! नवऱ्याने आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे इतकी वर्षं तूच वर आडवी झोपली होतीस म्हण."

54 किलो, कारण ओळी दोन आहेत. पुढची पाहुण्यांना दिसायला. मागच्या ओळीत गेलेलं पुस्तक थेट दिवाळीच्या साफसफाईतच भेटतं. तोवर ते आपल्याकडे नाहीच असं वाटत राहतं आणि अप्पा बळवंत चौकात गेलं की नेमकं तेच समोर येतं. अशी माझ्याकडे तीन जुळी आहेत आणि एक तिळं. तिळ्याच्या तिन्ही प्रती अजून कोऱ्या आहेत.

वाचत नाही असं नाही हो. एका वेळी पाच वाचते, तीच भानगड आहे. खुणेला हाताला येईल ते घालते: लग्नपत्रिका, बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी. मार्चचं विजेचं बिल असंच पान 112वर सापडलं. पण ते सापडेपर्यंत वीज तोडायला माणूस दारात आला होता.

तर फळी. मिस्त्रींना बोलवायचं तर ती रिकामी करायला हवी. म्हणजे पुस्तकं पलंगावर येणार आणि त्यातलं एक उघडून मी तिथेच बसणार, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. शेवटी नवऱ्याने माळ्यावरून दिवाळी अंक काढले. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण दिवाळीत अंक घेतो आणि 'निवांत वाचू' म्हणतो. माझे 2011 ते 2019 निवांत होते, वर्षाला चार. खालच्या फळीवर त्यांची चळत रचली आणि वर उरलेल्या फटीत 2020चा एक बारीक अंक ठोकून बसवला. फळी सरळ! दिवाळी अंकांनी मराठी साहित्याला आधार दिला, हे भाषणांत ऐकलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने 2014च्या एका अंकातल्या कथेचं फार कौतुक केलं. "तुझ्याकडे असेलच." आहे ना! खालून चौथा. गुडघे टेकून, चष्मा पुसून बाजूवरचं नाव वाचलं. दोन बोटांनी हळूच ओढला. वरून 'कर्र' आवाज आला, लगोलग स्वयंपाकघरातून, "हात लावू नकोस त्याला!"

तेवढ्यात अंकाच्या कडेवरून एक चंदेरी कसर सुळकन आत शिरली. घरातला एक जीव तरी तो अंक वाचून काढतोय, एवढंच काय ते समाधान.

संध्याकाळी रद्दीच्या दुकानातून तोच अंक वीस रुपयांना आणला. रात्री तीन पानं झाली, खुणेला दुकानदाराने दिलेली चिठ्ठी घातली. आता ठेवायचा कुठे? टेकूच्या उजव्या बाजूला फळी जरा खाली आल्यासारखी वाटतेय. तिथे तो आत्ताच घालून ठेवला. एकाने काय होणार म्हणा, अजून पस्तीसेक लागतील. रद्दीवाल्याकडे 2013चे बरेच होते.