खुलासा: 2010 नंतरच्या वॅगनआरला टायमिंग बेल्ट नाहीच

"दहा वर्षं झालेल्या वॅगनआरचा टायमिंग बेल्ट लगेच बदला, नाहीतर इंजिन बसेल," असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारा रबरी पट्टा. कृपया घाबरून खर्च करू नका. 2010 नंतरच्या वॅगनआरच्या के-सिरीज इंजिनात बेल्ट नाही, तेच काम करणारी धातूची टायमिंग चेन आहे. ती ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते. बेल्ट होता तो मारुती 800 ला आणि 2010 आधीच्या जुन्या वॅगनआरला. बाहेरून दिसणारा फॅनबेल्ट वेगळा, त्याला चिरा पडल्या की तो मात्र बदलाच.

चेन टिकते ती ऑइलवर. 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदला. सकाळी गार इंजिन सुरू करताना खडखड ऐकू आली, तर गाडी बंद करून आधी डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइलची पातळी बघा. बिलात 'टायमिंग बेल्ट' दिसला, तर पैसे देण्याआधी काढलेला बेल्ट दाखवायला सांगा.