पानिनीवरचा तो माणूस गोल मारत नाहीये

परत एकदा तो फॉरवर्ड मेसेज फिरतोय. पानिनी, म्हणजे फुटबॉलपटूंचे स्टिकर छापणारी इटलीची कंपनी, तिच्या पाकिटावर हवेत आडवा होऊन डोक्यावरून मागे बॉल मारणारा, म्हणजे सायकल किक मारणारा माणूस असतो ना, त्याच्याबद्दलचा. "हा इटलीचा महान स्ट्रायकर कार्लो पारोला, सायकल किक यानेच शोधून काढली, हा फोटो त्याच्या जगप्रसिद्ध गोलचा, आणि ती एक किक सोडली तर करियरमध्ये सांगण्यासारखं काही नाही." नाव तेवढं बरोबर, बाकी सगळा आनंदीआनंद.

स्ट्रायकर? अहो, गडी आयुष्यभर डिफेन्समध्ये खेळला. १९३९ ते १९५४ तुरीनचा युव्हेंटस क्लब, मग एक सीझन लाझिओ, आणि जागा सेंटर हाफची, म्हणजे समोरच्या सेंटर फॉरवर्डला हलू द्यायचं नाही हेच काम.

आता तो "गोल". १५ जानेवारी १९५०, फ्लॉरेन्स, फिओरेंटिना विरुद्ध युव्हेंटस. मॅच सुटली ०-० वर, तर गोल कुठून येणार राव? फिओरेंटिनाचा पँडोल्फिनी बॉलवर धावून येत होता, त्याला मिळायच्या आत पारोलाने उलटा होऊन बॉल लांब उडवला, आणि कोराडो बांकी नावाच्या फोटोग्राफरने नेमका तेवढ्यात क्लिक केला. म्हणजे जगातला सगळ्यात फेमस सायकल किकचा फोटो हा साधा क्लिअरन्स आहे, म्हणजे आपल्या गोलजवळून बॉल लांब काढणं, आणि मला तरी तो गोलपेक्षा भारी वाटतो, कारण स्वतःच्या गोलसमोर असला उद्योग करायला छाती लागते, चुकला असता तर शिव्याच पडल्या असत्या. मोदेनाच्या पानिनीने पुढे त्यावरून चित्र काढलं, पण युव्हेंटसचे काळे-पांढरे पट्टे काही त्यात आले नाहीत.

शोध लावला हे तर सोडूनच द्या. चिलीत रामोन उन्सागाचं नाव १९१४ पासून घेतात, पेरूवाले म्हणतात आमच्या कायाओ बंदराची, आणि ब्राझीलचा लिओनिदास तीसच्या दशकात हेच करत होता. इटलीत मात्र लोक पारोलाला सिन्योर रोव्हेशाता म्हणायचे, म्हणजे उलट्या किकवाले साहेब. तो मान त्याचाच.

"बाकी काही नाही" हे वाचून मात्र डोकं फिरलं. १० मे १९४७, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, सव्वा लाखाच्या वर पब्लिक, ग्रेट ब्रिटन विरुद्ध उरलेला युरोप, आणि त्या युरोपच्या टीममध्ये इटलीचा एकच माणूस, हाच. मॅच ६-१ ने हरले आणि त्यात एक सेल्फ गोल पारोलाचा, हेही सांगतो, लपवत नाही. गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी तुरीनमध्ये इटली हंगेरीशी खेळली आणि कोच पोत्झोने अकरापैकी दहा जण तोरिनोचे, म्हणजे तुरीनच्याच दुसऱ्या क्लबचे उतरवले, पारोलाच्या सेंटर हाफच्या जागेवर रिगामोंती. पारोलाच्या इटलीकडून फक्त १० मॅच झाल्या, पण काळ हा असा होता, लीगसुद्धा तोरिनोच जिंकत होती. ४ मे १९४९ ला तुरीनजवळच्या सुपेर्गाच्या टेकडीवर तोरिनोचं विमान आदळलं आणि रिगामोंतीसकट ती टीम गेली. त्या धास्तीने पुढच्या वर्षी ब्राझीलच्या वर्ल्ड कपला इटली बोटीने गेली, स्वीडनकडून ३-२ ने हरली, त्या मॅचला पारोला होता.

युव्हेंटसबरोबर लीग दोनदा, १९५० आणि १९५२. १९५० चं टायटल क्लबला १५ वर्षांनी मिळालं होतं. आणि १९७५ ला हाच माणूस कोच म्हणून युव्हेंटसला परत लीग जिंकून देतो, त्याच सीझनला इटलीच्याच अटलांटा क्लबकडून एक पोरगेला डिफेंडर क्लबात नवीन आला होता, पुढे मोठं नाव झालेला गाएतानो शिरेआ.