तीन मतपत्रिका आणि तेरा नंबरचा फॉर्म

"हाताने मोजायला लावलं, म्हणून रांगा लागल्या," असं माधव म्हणाला आणि कट्टा पेटला.

कॅनडातल्या कॅल्गरी शहराच्या ईशान्य भागात एका कॉफीच्या दुकानाबाहेरच्या दोन बाकांवर ही मंडळी शनिवारी जमतात. विषय होता २० ऑक्टोबर २०२५ च्या महापालिका निवडणुकीचा. शिळा विषय खरा, पण पुण्याहून लेकीकडे आलेल्या बंडूकाकांनी १५ जानेवारी २०२६ च्या पुणे महापालिकेच्या मतदानाची गोष्ट काढली आणि तुलनेला तोंड फुटलं.

शिल्पा लगेच म्हणाली, "माधव, मोजणी रात्री आठनंतर सुरू होते. रांग आठच्या आधी लागते. मग मोजणीमुळे रांग लागली कशी?"

"अगं, सगळा कायदा एकच ना? बिल वीस."

"कायदा एक, कलमं वेगळी. गल्लत तिथेच होते."

शिल्पाला असल्या गोष्टी तोंडपाठ असतात. कॅल्गरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टाच्या सरकारने २०२४ मध्ये बिल २० आणलं, त्यात एका दमात बरंच काही कोंबलं. मतपत्रिका वाचणारी यंत्रं बंद. कॅल्गरी आणि एडमंटन या दोनच शहरांत पालिकेसाठी स्थानिक पक्षांना परवानगी. कंपन्या आणि कामगार संघटनांच्या देणग्यांवर २०२१ च्या निवडणुकीत बंदी होती, ती उठली. शिवाय मतदारांची कायमस्वरूपी यादी. आणि केंद्रावर प्रत्येक मतदारामागे एक तेरा नंबरचा फॉर्म: नाव, पत्ता, मी मत द्यायला पात्र आहे असं कबूल करणारी सही.

"आता गणित कर," शिल्पा म्हणाली. "समज, एका केंद्रावर नऊशे माणसं येणार. फॉर्म भरणं, ओळखपत्राशी ताडून बघणं, याला माणशी दोन मिनिटं धर. म्हणजे अठराशे मिनिटं. केंद्र उघडं दहा तास, म्हणजे सहाशे मिनिटं. कागदावर तीन टेबलं पुरतात. पण माणसं सारखी वाटून येत नाहीत. निम्मे लोक संध्याकाळी पाचनंतर, ऑफिस सुटल्यावर. साडेचारशे माणसं तीन तासांत काढायची तर पाच टेबलं लागतात. तीनच असली की रांग दाराबाहेर. यात यंत्राचा संबंध कुठे आला?"

माधव मागे हटणारा नव्हे. "२०२१ मध्ये यंत्रं होती, तेव्हा झटपट काम झालं."

"आणि २०१७ मध्ये यंत्रं नव्हती, तेव्हाही रांगा होत्याच. तेव्हा कित्येक केंद्रांवर मतपत्रिकाच संपल्या होत्या. मशीन असो नसो, रांग लागते ती पत्रिका हातात पडायच्या आधी."

काकांनी इथे तोंड घातलं. "पण मशीन काढलं ते बरंच केलं म्हणायचं. आमच्याकडे पाहा, बटण दाबलं, पीप वाजलं, पुढे काय झालं देव जाणे."

"काका, ते मशीन वेगळं," शिल्पा म्हणाली. "तुमच्याकडे मत यंत्रातच नोंदतं, आणि महापालिकेला तर व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही नसते. इथलं टॅब्युलेटर फक्त वाचक होतं. मतदार कागदावर खूण करायचा, कागद यंत्रात सरकवायचा, आणि तो कागद खालच्या पेटीत राहायचा. संशय आला तर पेटी उघडून हाताने मोजा. ईव्हीएमचा राग या यंत्रावर काढू नका."

"मग हे बंद का केलं?"

"विश्वास वाढावा म्हणून, असं सरकारचं म्हणणं."

"वाढला का?" हा प्रश्न फ्रान्सिसचा. वसईचा माणूस. बोलतो कमी, नेमका बोलतो. उत्तर कोणी दिलं नाही.

हाताने मोजणी प्रत्यक्षात होते कशी, हे काकांना बघायचं होतं. तेव्हा शिल्पाने कॉफीचे रिकामे कप बाजूला सारले आणि नॅपकिनच्या तीन गड्ड्या मांडल्या. एक महापौराची, एक नगरसेवकाची, एक शाळा मंडळाच्या विश्वस्ताची. इथे प्रत्येक मतदाराला तीन पत्रिका मिळतात. केंद्र बंद झालं की आधी ताळेबंद: किती पत्रिका आल्या, किती पेटीत पडल्या, किती खराब होऊन बदलून दिल्या, किती कोऱ्या उरल्या. बेरीज जुळायला हवी. मग पेटी उपडी करून पदाप्रमाणे गड्ड्या. प्रत्येक पत्रिका उलगडायची, मागे अधिकाऱ्याची आद्याक्षरं आहेत का ते बघायचं. नसतील तर ती बाद. एकापेक्षा जास्त फुल्या, मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेली किंवा तशी फाडलेली, कोरी, तीही बाद. उमेदवाराचा प्रतिनिधी हरकत घेऊ शकतो, ती नोंदवली जाते. उरलेल्या पत्रिका उमेदवाराप्रमाणे लावायच्या आणि मोजायच्या.

"आता हे एका पदाला नाही, तीन पदांना करायचं. म्हणजे हजार मतदार आले तर तीन हजार कागद. आणि मोजणारी माणसं सकाळपासून उभी. रात्री अकराला एक कागद दुसऱ्याला चिकटतो, एक जण पंचवीसची गड्डी सव्वीसची बांधतो, ताळा जुळत नाही, की पुन्हा पहिल्यापासून. चूक कोणी मुद्दाम करत नाही, दमलेला हात करतो."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच की!" माधव उसळला.

"निकालाला उशीर झाला तो मोजणीमुळे, हे मान्य. रांग फॉर्ममुळे. तू दोन्ही एका खुंटीला टांगतोस, म्हणून भांडते."

माधवने मग खरा हुकमी पत्ता काढला. निकालच असा लागला होता की एकेक पत्रिका महत्त्वाची. जेरोमी फारकास महापौर झाले, सोन्या शार्प यांच्यापेक्षा सहाशेच्या आसपास मतं जास्त मिळवून. मतं पडली होती साडेतीन लाखांच्या घरात. फेरमोजणी झाली, निकाल तोच राहिला. आधीच्या महापौर ज्योती गोंडेक तिसऱ्या.

"साडेतीन लाखांत सहाशे. दमलेल्या हातांवर हे सोडायचं?"

"पण फेरमोजणीत निकाल टिकला," फ्रान्सिस म्हणाला.

"टिकला. नशीब."

"नशीब नाही रे, ताळेबंद."

काकांना मात्र दुसरंच खटकलं होतं. जिंकणाऱ्याला टक्के किती? सव्वीसच्या आसपास, शिल्पा म्हणाली. आणि मतदान किती झालं? एकोणचाळीस टक्के. काकांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हणजे शंभरातल्या दहा जणांनी महापौर निवडला!" २०२१ मध्ये गोंडेक यांना पंचेचाळीस टक्के होते, तेव्हा चित्र जरा बरं होतं. या वेळी तगडे उमेदवार पाच, सगळ्यात जास्त मतं त्याची खुर्ची, दुसरी फेरी नाही.

"तुमच्याकडे तर शंभरातला एकही थेट निवडत नाही, काका," माधवने चिमटा काढला. पुण्यात ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. मतदार बहुतेक प्रभागांत चार बटणं दाबतो, आणि महापौराला नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांचा, आरक्षणाची सोडत निघाल्यावर. कारभाराच्या चाव्या आयुक्ताकडे.

"हो, पण आमच्या महापौराला निदान घोषणा तरी करता येत नाहीत," काका म्हणाले, आणि सगळ्यात मोठं हसू या वाक्याला मिळालं.

इथल्या महापौराच्या हातात तरी काय आहे? चौदा वॉर्डांचे चौदा नगरसेवक आणि महापौर, पंधरा मतं. त्यातलं महापौराचं एक. ओंटारियो प्रांतात महापौरांना नकाराधिकार वगैरे दिलेत, अल्बर्टात ते नाही. म्हणून "मी सरसकट रिझोनिंग रद्द करीन" असं जे कोणी प्रचारात म्हणतं, त्याचा अर्थ "आणखी सात जण मिळाले तर करीन" असा घ्यायचा. ते रिझोनिंग, म्हणजे शहरभर एका घराच्या जागेवर जास्त घरं बांधायची मुभा, मे २०२४ मध्ये नऊ विरुद्ध सहा मतांनीच मंजूर झालं होतं. दोन माणसं इकडची तिकडे, की निर्णय पालटतो. म्हणून शिल्पाचं ठाम मत असं की महापौराच्या पत्रिकेवर जेवढं डोकं खपवता तेवढंच नगरसेवकाच्या पत्रिकेवर खपवा. हे मत मलाही पटतं. पण वॉर्डात आठ-दहा नावं आणि बहुतेक अपक्ष, तर वाचणार कधी, ही माधवची तक्रारही खोटी नाही.

"म्हणूनच पक्ष बरे," माधव म्हणाला. "नावाखाली पक्ष छापला की कळतं कोण कोणाबरोबर."

"छापला होता की. कम्युनिटीज फर्स्ट, कॅल्गरी पार्टी, अ बेटर कॅल्गरी. तरी महापौर अपक्ष आणि निम्म्याहून जास्त नगरसेवक अपक्ष. लोकांनी चव घेतली आणि ताट सरकवलं."

"पहिलीच खेप होती. २०२९ ला बघ."

पैशाचा मुद्दा काकांनीच काढला, पुण्याचा माणूस तो काढणारच. पुण्यातल्या भाच्याने इथल्या उमेदवाराला हातभार लावला तर चालेल का? नाही. देणगी अल्बर्टात राहणाऱ्यानेच द्यायची, आणि माणूस असो की कंपनी, ५,००० डॉलरची मर्यादा. काकांना मर्यादेचंच हसू आलं.

एवढा वेळ तिसऱ्या गड्डीला कोणी हात लावला नव्हता. फ्रान्सिसने ती उचलली.

"हिच्याबद्दल कोण बोलणार?"

"विश्वस्त? ती पत्रिका मी कोरीच टाकतो," माधव म्हणाला. "नावंच माहीत नसतात."

मग फ्रान्सिस सलग बोलला. अल्बर्टात सरकारी पैशावर चालणारी दोन शाळा मंडळं शेजारी शेजारी आहेत: पब्लिक आणि कॅथलिक. कॅथलिक शाळांचा हक्क १९०५ च्या अल्बर्टा कायद्यापासूनचा. कॅथलिक मंडळाची पत्रिका कॅथलिक मतदारालाच मिळते. म्हणून या कट्ट्यावर फ्रान्सिसच्या हातात एक पत्रिका पडते आणि बाकीच्यांच्या हातात दुसरी. दोन्ही एकाला कधीच नाहीत. पब्लिक मंडळात सात विश्वस्त, एकेकाकडे शहराचे दोन वॉर्ड. म्हणजे नगरसेवकाच्या दुप्पट इलाखा, आणि प्रचाराला पैसा जवळपास नाहीच. कॅथलिक मंडळातही सातच, पण त्यात एअरड्री, कोक्रेन, चेस्टरमियर ही शहराबाहेरची गावंही येतात.

"सात माणसं करतात काय पण?" माधव.

"आधी ते काय करत नाहीत ते सांगतो. कर लावत नाहीत. घरपट्टीत शिक्षणाचा जो भाग असतो, तो १९९४ पासून प्रांत ठरवतो आणि प्रांतच वाटतो. नवी शाळा बांधायचे पैसेही प्रांताचे. आणि शिक्षकांच्या पगाराची मुख्य बोलणी प्रांताच्या पातळीवर होतात, मंडळाच्या नाही."

हे त्या निवडणुकीतच दिसलं होतं. मतदान झालं तेव्हा शाळा बंद होत्या. ५१,००० शिक्षक ६ ऑक्टोबरपासून संपावर. आईबाप चिडून विश्वस्ताच्या उमेदवारांना विचारत होते, संप कधी मिटवता? आणि उमेदवारांना खरं उत्तर द्यायचं तर "ते माझ्या हातात नाही" एवढंच होतं. शेवटी विधानसभेने बिल २ आणून २९ ऑक्टोबरला शिक्षकांना कामावर परतायला लावलं.

"मग कोरी टाकतो तेच बरोबर!" माधवने टाळी मागितली. कोणी दिली नाही.

"नाही. आता ते काय करतात ते ऐक. मुख्य अधीक्षक नेमतात, अंदाजपत्रक मंजूर करतात. नव्या शाळांची क्रमवार यादी करून प्रांताकडे पाठवतात. तुमच्या नव्या वस्तीचं नाव यादीत तिसरं की तेरावं, यावर मूल चालत शाळेत जाणार की चाळीस मिनिटं बसमध्ये बसणार, ते ठरतं. शाळा भरली की जास्तीची मुलं दुसऱ्या शाळेत पाठवतात, त्या व्यवस्थेचे नियम. शाळा बंद करायचा निर्णय. बसचं शुल्क. या सगळ्याला सात मतं, चार झाली की ठराव पास. महापौराला आठ लागतात."

माधव जरा गप्प झाला. त्याची धाकटी पुढच्या वर्षी शाळेत जाणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"पण उमेदवाराला विचारायचं काय?" त्याने विचारलं, आणि हा प्रश्न खोचक नव्हता.

"गोल प्रश्न विचारू नकोस," शिल्पा म्हणाली. "'शिक्षणाचा दर्जा' म्हटलं की सगळे माना डोलावतात. यादीत आपल्या वस्तीची शाळा कुठे आहे, विचार. वर कोण आहे आणि का, विचार. बसचं शुल्क वाढवायला मत दिलं होतं का, विचार. आधीपासून विश्वस्त असेल तर बैठकीची इतिवृत्तं जाहीर असतात, विचारायच्या आधी वाच."

काकांनी घड्याळ पाहिलं, पण उठले नाहीत. इथल्या मतदानाला व्यवहारात काय लागतं ते त्यांना हवं होतं, जावयाला नुकतंच नागरिकत्व मिळालंय म्हणून. नागरिक हवा, अठरा वर्षं पूर्ण हवीत, मतदानाच्या दिवशी शहरात राहत असला पाहिजे. पीआर, म्हणजे नुसता कायमचा रहिवासी, चालत नाही, कितीही वर्षं कर भरला तरी. ओळखपत्रावर नाव आणि चालू पत्ता दोन्ही हवेत. पासपोर्टावर राहता पत्ता छापलेला नसतो, त्यावर विसंबू नये; ड्रायव्हिंग लायसन्स सोपं. घर बदललं असेल तर लायसन्सवरचा पत्ता आधी बदलून घ्यावा, नाहीतर विजेचं किंवा बँकेचं कागदपत्र न्यावं. पूर्वी शेजारी हमी घ्यायचा की हा अमुक माणूसच आहे. आता हमी फक्त पत्त्यापुरती चालते. आणि जमलं तर आगाऊ मतदानाला जावं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला नाही.

"शाई?" काकांनी विचारलं.

"शाई नाही."

"मग दोनदा मत कसं रोखता?"

"तेरा नंबरचा फॉर्म, काका," माधवच म्हणाला. "सही करून खोटं बोललात तर गुन्हा."

शिल्पाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आता फॉर्मची बाजू घेतोस?"

"फॉर्मची नाही. टेबलं पाच हवी होती, एवढंच म्हणतोय."

"ते मीच म्हणत होते, तासाभरापूर्वी."

"मग २०२९ ला उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून माझ्याबरोबर मोजणीला बस," फ्रान्सिस माधवला म्हणाला. "उमेदवाराचं लेखी पत्र लागतं. ताळेबंद जुळेपर्यंत घरी जायचं नाही."

"रात्री किती वाजतील?"

"यंत्र परत आलं तर लवकर. नाही आलं, तर डबा घेऊन ये."