पावसात गडावर जाताना जीन्सच घाला

रविवारी भर पावसात नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या पायऱ्यांवर दीड तास एकाच जागी उभं राहिलं की पोशाखाविषयी सखोल चिंतन होतं. त्यातून हाती आलेलं ज्ञान सह्याद्रीत नव्याने निघालेल्या बंधुभगिनींच्या चरणी अर्पण.

सर्वप्रथम, जीन्सच घाला. जाड डेनिमची, मांडीला घट्ट, पोटरीला त्याहून घट्ट. कोरडी असताना ती पाऊण किलोच्या आसपास भरते, चांगली झड लागली की जवळजवळ दुप्पट. एवढं वजन पायाला बांधायला लोक जिमला पैसे मोजतात. ओली झाली की गुडघ्याला अशी चिकटते की फूटभर उंचीच्या पायरीवरसुद्धा पाय जात नाही. मांड्या सोलवटतात ते वेगळंच. सुती कापड पाणी धरून ठेवतं, त्यामुळे माथ्यावर वारा लागला की दात वाजायला लागतात. पाव किलोची पॉलिएस्टरची ट्रॅकपँट चालता चालता अंगावरच वाळते, पण फोटोत अगदीच सामान्य दिसते. तेव्हा नकोच.

छत्री अवश्य न्या. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, मजा येईल.

कोरडे कपडे सॅकमध्ये तसेच कोंबा. रेनकव्हर आहे की! ते पाठीच्या बाजूने उघडंच असतं आणि सगळं पाणी पाठीवरूनच ओघळत आत जातं, हे घरी येऊन कळलेलं बरं. आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालून तिला गाठ मारणं म्हणजे कंजूषपणा.

बुटांची निवड मात्र विचारपूर्वक करा. पांढरेशुभ्र, सपाट तळाचे स्नीकर्स हे शेवाळलेल्या कातळासाठीच जन्माला आले आहेत. चार-पाच मिलिमीटर खोल खाचा आणि मऊ रबर असलेले बूट ओल्या दगडाला धरतात, म्हणजे थरार संपला. ट्रेकचे बूट असतीलच, तर चार वर्षांपूर्वी घेऊन कपाटात जपून ठेवलेले काढा. त्यांच्या तळातला पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, थर न वापरताही हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. आदल्या रात्री अंगठ्याने दाबून पाहिलं तर भेगा दिसतात, भुगा पडतो. पण पाहू नका. नेमका उतरताना तळ जबड्यासारखा उघडतो आणि मग सगळा ग्रुप सुतळी शोधत फिरतो. सुतळी कुणाकडेही नसते. दोन मीटर सुतळीचं वजन ते किती! चवडा आणि मधला भाग आवळून, गाठ वरच्या बाजूला ठेवली की पायथा गाठता येतो. पण आपण पॉवरबँक दोन आणलेल्या असतात.

उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी आवळायची नाही. पाऊल पुढे सरकून अंगठ्याची नखं काळी होतात, ती सोमवारी ऑफिसात दाखवता येतात. आणि 'गावातली पोरं तर साध्या चपलेवर चढतात' हे वाक्य प्रत्येकाला ऐकवा. ती पोरं त्या कातळावर लहानाची मोठी झाली, तुम्ही एस्कलेटरवर, हा मुद्दा गौण आहे.

रील काढायचं असेल तर फेटा, नऊवारी, नथ आणि मोजडी. मोजडीला चामड्याचा गुळगुळीत तळ असतो. शुभेच्छा.

राहिला पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा झग्यासारखा रेनकोट. घेरदार घ्या, पोटरीपर्यंत येणारा. हरिहरच्या पायऱ्या एका माणसाच्या रुंदीच्या, उभ्या शिडीसारख्या, हात घालायला खोबण्या कोरलेल्या. उतरताना तोंड कातळाकडे करून, दोन पायांच्या मधून खालची पायरी बघायची असते. पोंचो असला की पायरी दिसत नाही, दिसतो फक्त पोंचो. मग वारा येतो आणि तो डोक्यावरून तोंडावर बसतो. दोन्ही हात खोबणीत, काढणार कोण? माणूस थिजतो. बाजूला सरकायला जागाच नाही, म्हणून वरचे सगळे थांबतात, खालचेही थांबतात. वर कुणाचं पोर रडतंय, खाली कुणाच्या पोटऱ्या थरथरतायत. आणि पोंचोतले दादा ओरडून विचारतात, 'किती राहिलं?'

अहो, काय किती राहिलं? कंबरेपर्यंतचं जाकीट घालायला काय धाड भरली होती? भिजलात तर भिजलात, पाऊसच आहे तो! पाय दिसले पाहिजेत, एवढी साधी अक्कल नको? तुमचा पाय सुटला तर तुम्ही एकटे पडत नाही, खालच्या दहा जणांना घेऊन पडता. मग गावातली हीच चपलेवरची पोरं भातलावणी अर्धी टाकून तुम्हाला खांद्यावरून खाली आणणार, आणि तुम्ही गाडीत बसल्यावर म्हणणार की इथे काही सोयच नाही.

पायथ्याशीच पोंचो काढा, घडी करून सॅकमध्ये टाका. सपाट तळाचे बूट असतील तर पायऱ्यांना हात लावू नका, खालून फोटो काढा आणि भजी खा. आणि तो निघालेला तळ दरीत फेकू नका, पिशवीत घालून घरी न्या.